परदेश प्रवासासाठी चालायचे बूट कसे निवडावेत: पुरुषांसाठी सविस्तर मार्गदर्शन

परदेशात फिरताना दिवसाला १५ ते २० हजार पावलं सहज पडतात. अंतरात सांगायचं तर ११ ते १५ किलोमीटर. एरवी ज्यांचा दिवस खुर्ची, गाडी आणि लिफ्ट यांत जातो, त्यांच्या पायांवर हे काम एकदम येऊन पडतं आणि तेही सलग आठ-दहा दिवस. तिकिटं, व्हिसा, हॉटेलं यांवर महिनोन्महिने चर्चा होते, बूट मात्र निघायच्या आदल्या आठवड्यात घाईघाईने घेतले जातात. मग तिसऱ्या दिवशी टाच सोलवटते, करंगळीला फोड येतो आणि एवढा खर्च करून गेलेला माणूस संग्रहालयातली चित्रं सोडून बसायला बाक शोधत फिरतो.

बूट घेताना बहुतेक जण फक्त चालण्याचा विचार करतात. पण सहलीचा एक दिवस डोळ्यांसमोर आणून पाहा. तिकिटाच्या रांगेत उभं राहणं, गाइडचं बोलणं ऐकत उभं राहणं, दगडी फरशीवर चार पावलं टाकून पुन्हा थांबणं. चालताना पायाचे स्नायू आळीपाळीने ताणले जातात आणि सैल पडतात. नुसतं उभं राहिलं की त्याच त्या जागांवर वजन येत राहतं, म्हणून पाय लवकर भरून येतात. प्रवासाचा बूट चालण्याइतकाच उभं राहण्याचाही बूट असायला हवा. दुकानातली गुबगुबीत, लोण्यासारखी मऊ जोडी दोन मिनिटं चालून सुखाची वाटते, पण याच कसोटीवर ती अनेकदा नापास होते.

आधी सहलीचा दिवस कागदावर उतरवा

दुकानात जाण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून काढा: जमीन कशी असेल, हवा कशी असेल आणि दिवसातून किती वेळा बूट काढावे लागतील.

जमिनीचा फरक खूप पडतो. रोमच्या जुन्या भागात काळ्या दगडाचे छोटे छोटे चौकोनी तुकडे बसवलेले रस्ते आहेत. त्यांच्या फटींमुळे प्रत्येक पावलाला घोटा थोडा इकडेतिकडे होतो. प्रागच्या जुन्या गल्ल्यांमध्येही अशीच खडबडीत फरसबंदी आहे. लिस्बनमधले चुनखडीचे पदपथ वर्षानुवर्षांच्या वर्दळीने गुळगुळीत झालेत आणि पाऊस पडला की चांगलेच निसरडे होतात, त्यात शहर चढउतारांचं. अशा ठिकाणी फार उंच आणि फार मऊ सोल घोटा मुरगळायला आमंत्रण देतो. उलट सगळी सहल सपाट रस्त्यांची आणि मोठ्या संग्रहालयांची असेल, तर थोडी जास्त गादी चालून जाते.

जपानमध्ये देवळांत, पारंपरिक निवासांत आणि काही उपाहारगृहांतही बूट बाहेर काढावे लागतात. मशिदी पाहायला जाणार असाल तर तिथेही. दिवसातून सहा-सात वेळा वाकून लेस सोडायची-बांधायची वेळ येणार असेल, तर पटकन चढणारे-उतरणारे बूट किंवा ताणाची लेस असलेले बूट घ्या. गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर हा मुद्दा सगळ्यात वर ठेवा.

पाय मोजा, दोन्ही मोजा, संध्याकाळी मोजा

कॉलेजात असताना जो नंबर लागत होता तोच अनेक पुरुष पन्नाशीतही सांगतात. वयानुसार पायाची कमान थोडी बसते, पाय लांबतो आणि पसरतो. वजन वाढलं असेल तर आणखी. म्हणून जुन्या नंबरावर विसंबू नका.

दिवसभर वावरून झाल्यावर, संध्याकाळी मोजा. दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि सहलीत दुपारनंतर तुमचे पाय तसेच असणार आहेत. सहलीत घालणार तेच मोजे घाला. भिंतीला टेकवून जमिनीवर कोरा कागद चिकटवा. टाच भिंतीला लावून उभे राहा आणि वजन दोन्ही पायांवर सारखं ठेवा. खूण दुसऱ्या कोणाला तरी करायला सांगा, कारण आपण स्वतः वाकलो की वजन सरकतं आणि माप चुकतं. पेन्सिल अगदी उभी धरायची. तिरकी धरली की तीन-चार मिलिमीटर इथेच जातात. सगळ्यात लांब बोटापर्यंत अंतर घ्या. ते अंगठ्याचंच असेल असं नाही, बऱ्याच जणांचं दुसरं बोट पुढे असतं. मग चवड्याची रुंदी घ्या, म्हणजे अंगठ्याच्या मुळापासून करंगळीच्या मुळापर्यंत. दुसऱ्या पायाचंही हेच करा. दोन पाय तंतोतंत सारखे क्वचितच असतात. बूट नेहमी मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा.

नंबरांचा हिशेब

ब्रिटिश पद्धतीत एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. अर्धा नंबर म्हणजे सव्वाचार मिलिमीटर. युरोपीय पद्धतीत एक नंबर दोन तृतीयांश सेंटिमीटरचा, म्हणजे सुमारे पावणेसात मिलिमीटरचा. अमेरिकी पुरुषांचा नंबर ब्रिटिश नंबरापेक्षा साधारण एकाने जास्त असतो, काही कंपन्यांत अर्ध्यानेच. जपानी नंबर म्हणजे सरळ पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये.

समजा तुमचा पाय २६.५ सेंटिमीटर आहे. पुढची मोकळी जागा धरून बूट आतून २८ सेंटिमीटरच्या आसपास हवा. २८ ला दीडने गुणलं की ४२, हा युरोपीय नंबर. ब्रिटिश पद्धतीत तो ८ च्या जवळ येतो. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा असल्यामुळे प्रत्यक्षात अर्ध्या-एका नंबराचा फरक पडतोच. ऑनलाइन घेत असाल तर त्या कंपनीच्या तक्त्यातला सेंटिमीटरचा रकाना पाहा आणि परत करण्याची मुदत आधी वाचून ठेवा.

लांबीपेक्षा मोठी चूक रुंदीत होते. पाय रुंद असलेला माणूस बूट दोन्ही बाजूंनी दाबतो म्हणून एक नंबर मोठा घेतो. त्याने पुढे जागा होते खरी, पण बूट जिथे वाकायला हवा ती रेघ चवड्याच्या पुढे सरकते, टाच आत खालीवर होते आणि बूट चावायला लागतो. अमेरिकी मापांत पुरुषांची सर्वसाधारण रुंदी ‘डी’, रुंद ‘२ई’ आणि जास्त रुंद ‘४ई’ अशी लिहिलेली असते. काही कंपन्या एकाच नंबरात या रुंदी देतात. दुकानदाराला स्पष्ट विचारा. चार्ल्स ब्रॅनॉक यांनी अमेरिकेत १९२० च्या दशकात पाय मोजायचं जे धातूचं साधन बनवलं, त्यात लांबी आणि रुंदीबरोबर टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतरही मोजलं जातं, ते याच कारणासाठी. बोटं आखूड आणि कमान लांब अशा पायाला नुसत्या एकूण लांबीवरून घेतलेला बूट चुकीच्या जागी वाकतो. एखाद्या दुकानात ते साधन दिसलं तर आवर्जून त्यावर पाय मोजून घ्या.

कोणत्या प्रकारचा बूट

शहरांच्या सहलीसाठी माझी पहिली पसंती चालण्याच्या बुटांना किंवा स्थिर बैठकीच्या रनिंग शूजना आहे. ते हलके असतात, लवकर वाळतात आणि बोटांना जागा देतात. दगडी गल्ल्या, किल्ले, जंगलातल्या पायवाटा असं मिश्र फिरणं असेल तर घोट्याखाली संपणारे हलके हायकिंग शूज चांगले. घोटा झाकणारे जड बूट खऱ्या डोंगरवाटांसाठी ठेवा, शहरात त्यांचं ओझंच होतं. कॅनव्हासचे सपाट बूट दिसायला छान, पण तळव्याखाली आधार जवळजवळ नसतो. एकाच जोडीवर फिरणं आणि संध्याकाळचं बरं जेवण दोन्ही भागवायचं असेल, तर काळा, करडा किंवा गडद तपकिरी रंग घ्या.

हातात घेऊन तपासणी

पायात घालण्याआधी बूट हातात घ्या. टाच आणि टोक धरून वाकवा. तो चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, जिथे पाय वाकतो तिथेच. मधोमध दुमडला तर ठेवून द्या. मग ओला कपडा पिळतो तसा पिळून पाहा. थोडा वळावा, पण फडक्यासारखा पूर्ण फिरू नये. टाचेच्या मागची वाटी अंगठा आणि बोटाने दाबा. तिथे घट्टपणा हवा, नाहीतर खडबडीत रस्त्यावर टाच आत डुलत राहते. बूट टेबलावर ठेवून मागून पाहा, तो एका बाजूला कललेला नको.

आता सोल पाहा. काही हलक्या बुटांना खाली रबर फक्त तुकड्यातुकड्यांत असतं, मधला फोम उघडाच असतो. दगडी रस्त्यांवर तो लवकर झिजतो. ओल्या दगडावर पकड हवी असेल तर रबर नखाने दाबल्यावर किंचित दबणारं हवं. प्लास्टिकसारखं टणक लागलं तर निसरडेपणा गृहीत धरा. खोल खाचा म्हणजे जास्त पकड असं सरसकट नसतं. इटलीचे गिर्यारोहक विताले ब्रामानी यांनी १९३५ साली आल्प्समधल्या दुर्घटनेत सहा सोबती गमावले आणि त्यानंतर खोल खाचांचा रबरी सोल तयार केला. १९३७ मधला तो सोल व्हिब्रम या नावाने जगभर पोहोचला. तो जन्मला डोंगरासाठी. चिखलात आणि खडकात अशा खाचा रुततात, पण गुळगुळीत ओल्या फरशीवर खाचांमुळे टेकणारं रबरच कमी होतं. शहरासाठी उथळ, भरपूर रेघांचा सोल बरा.

सगळ्यात उपयोगी तपासणी मात्र फार कमी लोक करतात. बुटातली सुटी गादी, म्हणजे इनसोल, बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभे राहा. टाच मागच्या गोलाईत नीट बसवा आणि खाली पाहा. बोटांपुढे साधारण एक सेंटिमीटर गादी दिसली पाहिजे. पाय दोन्ही बाजूंनी गादीच्या कडेबाहेर येत असेल, तर तो बूट कितीही मऊ असला तरी तुमच्यासाठी अरुंद आहे. करंगळीचा फोड आणि अंगठ्याच्या हाडाचं दुखणं इथेच कळतं, बूट विकत घेण्याआधी.

पायात घालून: घाई अजिबात नको

दुकानात संध्याकाळी जा आणि सहलीतले मोजे घालूनच बूट चढवा. दोन्ही पायांत. लेस बांधा, मगच उठा. उभं राहून पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे १० ते १२ मिलिमीटर जागा आहे का बघा. चालताना पाय पुढे सरकतो, उतारावर आणखी सरकतो आणि जागा नसली की नख काळं पडतं. आत बोटं मोकळी हलली पाहिजेत. टाच मात्र जागची हलायला नको. दुकानात उतार किंवा जिना असेल तर उतरून पाहा, बोटं पुढे आपटली तर नंबर किंवा बूट बदला.

आता उभे राहा. फोनवर बोला, सोबतच्याशी गप्पा मारा, पण दहा मिनिटं एका जागी उभे राहा. फार मऊ गादी असेल तर याच वेळी पाय आत किंवा बाहेर झुकायला लागतो, तळव्याचे स्नायू तोल सांभाळत राहतात. एका पायावर काही सेकंद उभं राहूनही बघा. डगमगायला झालं तर दगडी गल्लीत काय होईल ते समजून घ्या.

‘वापरून सैल होईल’ हे वाक्य ऐकलं की बूट परत द्या. चामडं थोडं ताणतं हे खरं, पण आजचे बहुतेक चालायचे बूट जाळीच्या कापडाचे आणि कृत्रिम धाग्यांचे असतात. त्यांत फार फरक पडत नाही. आत्ता टोचणारी शिवण दहा किलोमीटरनंतरही तिथेच असते.

सपाट पायाला अमुक, उंच कमानीला तमुक अशी शिफारस दुकानात केली जाते. अमेरिकेत सैन्यात नव्याने दाखल झालेल्यांना पायाच्या कमानीनुसार बूट देऊन प्रयोग झाले, पण इजांच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाचे बेनो निग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली धावपटूंच्या बाबतीत मांडलं, की ज्याला जो बूट आरामदायी वाटतो तो निवडला तर इजा कमी होण्याची शक्यता असते. तळव्याचा किंवा टाचेचा जुना आजार असेल तर डॉक्टरांचा सल्ला पहिला. बाकीच्यांनी तीन-चार जोड्या एकामागून एक घालून पाहाव्यात, एका पायात एक आणि दुसऱ्यात दुसरा असाही प्रयोग करावा आणि पायाचं ऐकावं.

बूट चांगला आहे पण टाच किंचित सरकते असं असेल तर लेस बांधण्याची पद्धत बदलून पाहा. बऱ्याच बुटांना सगळ्यात वर, थोडं मागे, एक जादा भोक असतं. लेस बाहेरून त्याच भोकात आत घालून दोन्ही बाजूंना छोटा फास करा, समोरच्या बाजूची लेस त्या फासातून ओवा, मग ओढून बांधा. टाच मागे घट्ट धरली जाते. पायाचा वरचा भाग उंच असेल आणि लेस तिथे दाबत असेल, तर त्या जागी लेस आडवी न नेता सरळ वर न्या.

वॉटरप्रूफ घ्यावे का

कापडाच्या आत गोअर-टेक्ससारखा पाणी अडवणारा पातळ पडदा असलेले बूट पाणी आत येऊ देत नाहीत, पण हवाही कमी खेळते. उन्हाळ्यात पाय घामाने ओले होतात आणि ओली कातडी लवकर सोलवटते. शिवाय वरून, घोट्याच्या बाजूने, एकदा पाणी शिरलं की ते आतच राहतं आणि बूट वाळायला फार वेळ घेतात. बर्फ, थंडीतला पाऊस किंवा ओल्या गवतातून चालणं असेल तर वॉटरप्रूफ घ्या. उन्हाळी सहलीला जाळीचे साधे बूट आणि मोज्यांच्या जादा जोड्या हेच उत्तम.

मोजे आणि टेप

पूर्ण सुती मोजे घरी ठेवा. सूत घाम धरून ठेवतं. मेरिनो लोकर किंवा कृत्रिम धाग्यांचं मिश्रण असलेले, बोटांवर जाड शिवण नसलेले मोजे घ्या. जाडी बदलली की बुटाचं माप बदलतं, म्हणून बुटांसोबतच निवडा.

ज्या जागी नेहमी फोड येतो तिथे निघण्याआधीच कागदी सर्जिकल टेप लावा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी लांब पल्ल्याच्या धावपटूंवर केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात या साध्या, स्वस्त टेपने फोडांचं प्रमाण लक्षणीय कमी झालेलं दिसलं. टेप सुरकुती न पडता, एकाच थरात लावायची.

महिनाभर आधी घ्या, थोडे थोडे वापरा

निघण्याच्या किमान तीन-चार आठवडे आधी बूट घरात यायला हवेत. पहिले दोन दिवस घरातच एकेक तास घाला, म्हणजे बदलून घ्यायची वेळ आली तर सोल स्वच्छ राहतो. मग बाहेर अर्धा तास, एक तास असं वाढवत न्या आणि निघण्यापूर्वी दोन-तीन वेळा सलग तीन तास चाला, सहलीतली पाठपिशवी पाठीवर घेऊन. निघेपर्यंत ४०-५० किलोमीटर झाले तर फारच छान. यात बुटापेक्षा तुमच्या पायांना आणि पोटऱ्यांना जास्त फायदा होतो.

कपाटात चार-पाच वर्षं जपून ठेवलेले जुने हायकिंग बूट घेऊन निघणार असाल तर थांबा. सोलमधला पॉलियुरेथेन नावाच्या फोमचा थर हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटित होतो, बूट न वापरताही. वरून चकाचक दिसणारा सोल सहलीच्या पहिल्याच दिवशी तुकडे होऊन गळून पडू शकतो. अंगठ्याने दाबून पाहा, भेगा किंवा भुगा दिसला तर तो बूट संपला. रोज वापरात असलेल्या रनिंग शूजची गादी साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर दबलेली असते, तेही सहलीला नकोत.

मधुमेह असेल तर

हे मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण इथे हयगय महागात पडते. मधुमेहात तळव्याची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे फोड आला तरी कळत नाही. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या. रोज बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा किंवा दुमडलेली गादी नाही ना पाहा. रोज रात्री तळवे आरशात किंवा कोणाकडून तरी बघून घ्या. फिक्या रंगाचे मोजे वापरा, म्हणजे रक्त किंवा पाणी लागलं की लगेच दिसतं. फोड स्वतः फोडू नका.

प्रवासात

नखं निघायच्या चार-पाच दिवस आधी सरळ कापा. आदल्या रात्री खोलवर कापलेलं नख पूर्ण सहलभर सलतं. जड जोडी पायात आणि हलकी दुसरी जोडी सामानात, अशी विभागणी करा. विमानात पाय सुजतात, म्हणून लेस सैल सोडा. अमेरिकेतल्या विमानतळांवर तपासणीत बूट काढायचा सरसकट नियम जुलै २०२५ मध्ये उठला, पण सोलमध्ये धातूची पट्टी असेल तर यंत्र कुठेही वाजू शकतं.

न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियाला जाणार असाल तर बूट घासून, खाचांतली माती काढून स्वच्छ करा. बाहेरची माती आणि बियाणं देशात येऊ नये यासाठी तिथले नियम कडक आहेत आणि मातीचे किंवा डोंगरात वापरलेले बूट प्रवेशाच्या वेळी जाहीर करावे लागतात. लपवलं तर दंड होतो. जाहीर केले तर तपासून बहुतेक वेळा परत मिळतात.

शक्य असेल तर दोन जोड्या आलटून पालटून घाला. रात्री गाद्या बाहेर काढून ठेवा. बूट भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासा-दोन तासांनी बदला. हीटरला टेकवून किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका, गोंद सुटतो. दुपारी मोजे बदलणं ही दोन मिनिटांची गोष्ट, पण उरलेला दिवस सुखाचा जातो.

टाचेला किंवा बोटाला जळजळ सुरू झाली की ‘पुढच्या चौकात बघू’ म्हणू नका. तिथल्या तिथे बसा, बूट काढा, पाय वाळू द्या, टेप लावा, लेस नव्याने बांधा. सोबतचे पाच मिनिटं थांबतील. फोड आलाच तर छोटा असेल तेव्हा झाकून ठेवा, वरची कातडी सोलू नका आणि त्या दिवशी दुसरी जोडी घाला, मग ती साधी सँडल का असेना.